घोडा वाचताना : कानांच्या पुढे

गेल्या काही महिन्यांत माझ्या निरीक्षणाची दिशाच बदलली. आधी नजर कानांवर खिळलेली असायची. कान पुढे म्हणजे कुतूहल, मागे चपटे म्हणजे राग, एक कान वळला म्हणजे लक्ष तिकडे. हे खोटं नाही, पण कान फार भराभर बदलतात आणि त्यांचा अर्थ बाकीच्या शरीरावर ठरतो. स्वाराचा आवाज ऐकणाऱ्या घोड्याचेही कान मागे वळतात, पण ते सैल असतात. मानेला चिकटून ताठ झालेले कान वेगळेच.

म्हणून चेहऱ्याकडे वळलो. घोड्याच्या वेदना चेहऱ्यावरून मोजायची एक पद्धत 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. खच्ची करण्याच्या शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे चेहरे पाहून ती बेतली होती. तिच्यात सहाच गोष्टी पाहायच्या: मागे ताठ झालेले कान, आवळलेली पापणी, डोळ्यावरच्या भागातला ताण, उठून दिसणारे चावण्याचे स्नायू, घट्ट तोंड आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येकाला 0 ते 2 गुण. कागदावर सोपं वाटतं, पण शांत घोड्याचे चेहरे भरपूर पाहिल्याशिवाय ताणलेला चेहरा ओळखू येत नाही. त्यासाठी मी वैरण खाऊन झाल्यावर, कुणी जवळ नसताना, लांबून पाहत बसतो. खालचा ओठ लोंबतो, पापणी अर्धी मिटते, मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकतो. पाय अडकवून उभ्याउभ्या डुलकी घेण्याची सोय घोड्याच्या शरीरातच आहे, त्यामुळे मागचे पाय आलटून पालटून सैल सोडणं अगदी नेहमीचं. पुढचा एकच पाय वारंवार पुढे टाकून भार टाळत असेल तर मात्र तो दुखतोय असं धरावं. आणि पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून सगळा भार मागे घेतलेला दिसला, तर खुरांच्या आतली सूज असू शकते. तिथे निरीक्षण थांबवून लगेच पशुवैद्याला बोलवायचं.

या टप्प्यात सर्वांत जास्त शिकवलं ते एका तांबूस घोडीने. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती चावायला वळते, म्हणून तिला सगळे तापट म्हणायचे. मी बाजूला उभा राहून फक्त डोळा पाहिला. खोगीर पाठीवर ठेवताक्षणी, तंगाला हात लागायच्या आधीच, डोळ्यावर त्रिकोणी सुरकुती उठली आणि नाकपुडी अरुंद झाली. कान त्यानंतर मागे गेले, दात सर्वांत शेवटी. म्हणजे चावणं हे तिचं तिसरं-चौथं वाक्य होतं. आधीची कुणी ऐकलीच नव्हती. मग पाठ तपासली. मानेमागच्या उंचवट्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके होते, म्हणजे तिथे कधीतरी दाब पडून कातडी दुखावली होती. फेरी मारून आल्यावर घामाने भिजलेल्या पाठीत डाव्या बाजूला तळहाताएवढा कोरडा डाग. खोगिराची गादी त्याच बाजूला दबून कडक झाली होती. गादी नव्याने भरल्यापासून चावणं बरंच कमी झालंय, पण सुरकुती अजून उठते. जठरातल्या व्रणांमुळेही घोडा तंगाला असाच विरोध करू शकतो, म्हणून मालकांनी पुढची तपासणी ठरवली आहे. तोवर तिला तापट म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

तिच्यामुळेच अंगावरच्या मांसाकडे नीट पाहायला लागलो. घोडा किती रोड किंवा लठ्ठ हे ठरवणारी हेनेके यांची 1983 ची 1 ते 9 गुणांची श्रेणी बहुतेकांना ठाऊक असेल. तिच्यात सहा जागा पाहायच्या: मान, मानेमागचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ. 5 म्हणजे बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. हे हातानेच करावं, कारण दाट केसांच्या दिवसांत डोळे सपशेल फसतात. पोटावर तर विसंबूच नये. निकस वैरणीवरच्या किंवा जंत झालेल्या घोड्याचं पोट सुटलेलं असतं आणि कण्याच्या दोन्ही बाजू मात्र खोल गेलेल्या असतात. शिवाय ही श्रेणी चरबी मोजते, स्नायू नाही. पाठीच्या स्नायूंची नोंद मी वेगळी ठेवतो. खाली मान घालून गप्प उभा राहणारा, अंगाने खंगलेला घोडा लोकांना ‘गुणी’ वाटतो, याचं मला फार वाईट वाटतं. विरोध करायलाही अंगात बळ लागतं.

ओठ चाटणं आणि तोंड चावल्यासारखं हलवणं याला बरेच जण ‘समजलं’ची खूण मानतात. माझ्या नोंदींत ते बहुतेक वेळा ताण ओसरताना दिसलंय, त्यामुळे ते दिसलं की मी आधी मागे वळून पाहतो, आत्ता ताण कशाचा होता?

हल्ली प्रत्येक घोड्याच्या वहीत पहिल्या पानावर विश्रांतीतले आकडे असतात. प्रौढ घोड्यात मिनिटाला साधारण 28 ते 44 ठोके, 8 ते 16 श्वास, तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. पण त्या घोड्याचं स्वतःचं नेहमीचं किती, हे माहीत असलं तरच बदल कळतो. लीद किती वेळा, हेही तिथेच लिहितो.

आता स्वार बसल्यावरचं वाचन सुरू करतोय. त्यासाठी 24 वर्तनांची एक यादी आहे. त्यांपैकी 8 किंवा अधिक दिसली तर वेदनेची शक्यता बळावते. एकदम सगळी पाहणं मला जमणार नाही, म्हणून आधी शेपटीचे फटके, उघडं तोंड आणि डोकं वाकडं धरणं एवढ्यावरच लक्ष ठेवणार आहे. सुरुवात त्या तांबूस घोडीपासूनच, तिची तपासणी झाल्यावर.