बटन चाकू, ९ इंचांचा गैरसमज आणि भरतीची पोरं

"नऊ इंचाच्या आत आहे ना, मग काय व्हस भो!" चाकूच्या पात्याबद्दलचं हे वाक्य मी जळगाव, चोपडा, शिरपूर, कुठंही गेलो तरी पोरांच्या तोंडून ऐकतो आणि दरवेळी जीव खालीवर होतो. मी स्वतः वकील नाही, अभ्यासिका चालवतो, भरतीची तयारी करणारी पोरं दिवसभर माझ्यासमोर बसलेली असतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या खिशात किंवा गाडीच्या डिक्कीत बटन चाकू, म्हणजे बटन दाबलं की पातं उघडणारा चाकू, असतो म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी त्या ९ इंचाचं सांगतो, कारण ते पूर्ण खोटं पण नाहीये. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम, आता २०१६ चे चालू आहेत, त्यात तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांच्यासोबत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रांच्या यादीत येतो. घरकाम, शेती, कारखाना यासाठी बनवलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. म्हणून आपल्या रावेर यावलकडं केळीचे घड कापायला नेलेला विळा किंवा स्वयंपाकघरातली सुरी हे शस्त्र धरलं जात नाही. पोरांनी यातला 'किंवा २ इंचापेक्षा रुंद' हा भाग सोडून दिला आणि फक्त ९ इंच लक्षात ठेवलं, आणि गावभर पसरवलं की त्याच्या आत सगळं माफ.

माफ नाही. दुसरा एक कायदा आहे ज्याचं नाव पोरांना माहीतच नसतं, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). त्याखाली मनाई आदेश निघतो. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही त्यामुळे हा आदेश जिल्हादंडाधिकारी काढतात, बऱ्याचदा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीनं निघतो. गणपती, मोहरम, निवडणूक, मोठी यात्रा, एखाद्या गावात तणाव, असं काही असलं की आदेश निघतोच, पंधरवडा संपला की पुन्हा नवीन. त्यात काय लिहिलेलं असतं तर शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू सोबत बाळगायला मनाई. इथं इंच सेंटीमीटर काही नाही! ४ इंचाचा चाकू पण चाकूच. नोकरीमुळे किंवा धंद्यामुळे ज्यांना लागतो त्यांना साधारण सूट दिलेली असते, पण रात्री अकराला बसस्टँडवर टोळक्यात उभ्या असलेल्या पोराच्या खिशात खटक्याचा चाकू निघाला तर तो कुठल्या धंद्यासाठी आहे म्हणून सांगणार?

आणि शिक्षा बघा. हा आदेश मोडला तर कलम १३५, १ वर्षापर्यंत कैद, आणि न्यायाधीशांनी लेखी कारण दिल्याशिवाय ४ महिन्यांपेक्षा कमी नाही, वर दंड. पेपरात रोज येतं ना 'शस्त्र अधिनियम ४/२५ व महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१)(३), १३५ प्रमाणे गुन्हा दाखल', ते हेच, दोन्ही कायदे सोबतच लावतात. ४/२५, म्हणजे शस्त्र अधिनियमाची कलमं ४ आणि २५, कोर्टात टिकलं तर मग कैद महिन्यांत नाही वर्षांत मोजायची.

राज्य बदललं की माप पण बदलतं हे अजून एक. दिल्लीत १९८० ची अधिसूचना आहे, तिथं बटनदार चाकूचं पातं ७.६२ सेंटीमीटर म्हणजे जेमतेम ३ इंच लांब आणि १.७२ सेंटीमीटर रुंद असलं की झालं, विनापरवाना शस्त्र. आपली पोरं भुसावळहून गाडीत बसून परीक्षेला दिल्लीला जातात, बॅगेत सफरचंद कापायला म्हणून बटन चाकू टाकतात. घरातली साधी फोल्डिंग नसलेली सुरी डब्यासोबत ठेवा ना, बटनवालाच कशाला लागतो? विमानानं जाणाऱ्यांनी तर हातातल्या बॅगेत कुठलाच चाकू ठेवू नका, चेक-इन बॅगेत टाका.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडं एक पोरगा येत होता, नाव गाव सांगत नाही. १६०० मीटर असा पळायचा की बघत राहावं, लेखीची पण तयारी चांगली, बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार. यात्रेतल्या दुकानातून चाकू घेतला, भांडण नाही तंटा नाही, नुसता खिशात. नाकाबंदीत झडती झाली, दोन पंच बोलावले, पंचनाम्यात पात्याची लांबी रुंदी मुठीचा रंग सगळं लिहिलं गेलं, गुन्हा दाखल. जामीन झाला, घरच्यांना वाटलं सुटला. पण केस कुठं सुटली, तारखा चालूच आहेत, आणि तेवढ्यात भरती निघाली. फॉर्ममध्ये स्पष्ट विचारतात, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, खटला प्रलंबित आहे का. नातेवाईक म्हणे लिहू नको, कोणाला कळतंय. मी त्याच्या वडिलांना हात जोडून सांगितलं की आबा, काहीही झालं तरी खरंच लिहा. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आहे, त्यात सांगितलंय की माहिती खरीच द्यायची, लपवणं हेच नोकरी जायचं कारण होऊ शकतं, आणि कमी वयातल्या किरकोळ प्रकरणाकडं साहेब लोक नरमाईनं बघू शकतात. बघू शकतात, बघतीलच असं नाही. त्यानं खरं लिहिलं, आता चारित्र्य पडताळणी अडकून आहे. पासपोर्टचं पण तसंच, केस चालू असली की आधी कोर्टाची परवानगी आणा.

कोर्टातून सुटतात की पोरं, हे पण ऐकवतात मला. सुटतात, खरंय. मनाई आदेशाची प्रत जोडली का, तो लोकांपर्यंत पोचेल असा प्रसिद्ध झाला होता का, पंच टिकले का, वकील हेच विचारतो आणि तिथं केस ढिली पडते. पण तोवर वयोमर्यादा निघून गेलेली असते आणि ती वर्षं कोणता जज परत देणार.

रीलचं तर बोलायलाच नको. तलवारीनं केक कापायचा, व्हिडिओ टाकायचा, मग पोलिसांना शोधायची पण गरज नाही, चेहरा, तारीख, जागा सगळं पोरानंच दिलेलं. ऑनलाइन मिळतो म्हणजे कायदेशीर असेल असंही कोणी समजू नका, विकणाऱ्यानं 'डेकोरेशन' लिहिलं तरी खिशात तुमच्या सापडणार आहे.

सातपुड्यातल्या आपल्या भिल्ल पावरा भावांचं तीरकामठं आणि शीख बांधवांचं कृपाण हा विषय वेगळा आहे. कृपाण तर संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातच आहे. त्यांची नावं पुढं करून बटन चाकूचं समर्थन करू नका.

कोणाचा पोरगा सापडलाच तर पळापळ करून एजंट शोधू नका. अटकेचं कारण सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं, आणि १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवीन कायदा, आलाय त्यात झडती जप्तीचं व्हिडिओ शूटिंग पण करायचं आहे, ते झालं का हे वकिलाला विचारायला सांगा. पंचनाम्याची, एफआयआरची प्रत मागून घ्या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, १५१०० वर फोन करा.

पोरगा १८ च्या आत असेल तर त्याला बाल न्याय मंडळासमोर नेतात, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ त्याला पुढं नोकरीसाठी अपात्र ठरवू देत नाही. म्हणून वय सिद्ध करणारा शाळेचा दाखला पहिल्याच दिवशी सोबत न्या, घरी शोधत बसण्यात ती रात्र घालवू नका.