फ्लॅश बदलायचा की नाही: तीन आठवड्यांच्या मोजमापांची नोंद

हातातला फ्लॅश: १०५ मिमी झूमला गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, अंतर गुणिले अ‍ॅपर्चर) ५८, चार एए सेलवर चालणारा, दुरून पेटवायला रेडिओ नाही. तक्रार एकच. मंचावर पुरस्कार देतानाचे तीन फोटो सेकंदा-सेकंदाने काढले, की पहिला नीट, दुसरा स्टॉपभर अंडर (म्हणजे निम्म्याच उजेडाचा) आणि तिसरा जवळजवळ काळा. यावर ठरलेला सल्ला म्हणजे "ताकद कमी पडतेय, मोठा फ्लॅश घ्या". पण ताकदच कमी असती तर पहिला फोटोही अंडर यायला हवा होता. म्हणून खरेदीच्या आधी मोजमाप.

आठवडा १: रेडी लाइट आणि सेल

चाचणी साधी आहे, एकरंगी भिंत आणि ट्रायपॉड पुरतो. सगळं मॅन्युअल: आयएसओ १००, शटर १/१६०, फ्लॅश १/१ (फुल पॉवर), डोकं सरळ, झूम ५० मिमी. हिस्टोग्रामचं शिखर मधोमध येईल असं अ‍ॅपर्चर लावायचं, फ्लॅश मारायचा आणि रेडी लाइट, म्हणजे फ्लॅशच्या मागचा 'तयार' दिवा, लागेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा. मध्ये २० सेकंदांचा आराम द्यायचा आणि दहाच्या वर मारायचे नाहीत. घाई केली तर आतली ताप-सुरक्षा चार्जिंग मुद्दाम मंद करते. मग सेलऐवजी तापाचंच मोजमाप होतं.

जुन्या सेलवर सरासरी ९ सेकंद. हा आकडा वाईट, पण त्याहून मोलाची गोष्ट पुढच्या चाचणीत दिसली. दिवा लागल्या क्षणी काढलेली फ्रेम आणि दिवा लागल्यावर १५ सेकंद थांबून काढलेली फ्रेम शेजारी ठेवली, तर पहिली अर्धा स्टॉप अंडर. म्हणजे रेडी लाइट 'भरलं' असं सांगत नाही, 'मारता येईल' एवढंच सांगतो. कारण कपॅसिटरमध्ये आहे. त्यातली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उदाहरणार्थ १४०० मायक्रोफॅरड आणि ३३० व्होल्ट धरले तर ७६ ज्यूल. तोच कपॅसिटर २८० व्होल्टवर असेल तर ५५. व्होल्टेज १५ टक्क्यांनी कमी, ऊर्जा २८ टक्क्यांनी. (हेच व्होल्टेज फ्लॅश बंद केल्यावरही आत बराच वेळ टिकून राहतं. फ्लॅश उघडून बघायचा मोह कृपया टाळा.)

आता सेल. नुसत्या मल्टिमीटरवर चारही सेल १.३ व्होल्टच्या आसपास दाखवत होते, म्हणजे सगळं आलबेल. पण फ्लॅश चार्ज होताना सेलमधून काही अँपिअर ओढतो आणि जुन्या सेलचा आतला रोध तिथेच उघडा पडतो. डिस्चार्ज करून क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर घातले तेव्हा तीन सेल १७०० एमएएचच्या आसपास आणि चौथा जेमतेम ११००. चारही एकाच माळेत असल्यामुळे एक दमला की बाकीच्या तिघांचा उपयोग नाही. शिवाय तो दमलेला सेल उलटा चार्ज होऊन कायमचा बाद होण्याचा धोका असतोच.

नवे लो-सेल्फ-डिस्चार्ज निकेल मेटल हायड्राइड सेल घातले, कप्प्यातल्या स्प्रिंगा आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसल्या. रिसायकल, म्हणजे पुन्हा चार्ज व्हायचा वेळ, ३.५ सेकंदांवर आला. यापुढे सेलवर मार्करने 'अ १' ते 'अ ४' लिहायचं, चौकडी फोडायची नाही आणि जोडीजोडीने भरणारा स्वस्त चार्जर वापरायचा नाही. तो जोडीतल्या दोन्ही सेलना एकाच मापाने हाकतो, त्यामुळे एक उपाशी राहतो आणि एक तापतो. अल्कलाइन सेल अडीनडीला ठीक, पण त्यांचा रोध जास्त असतो आणि फुल पॉवरला ते लवकर मान टाकतात.

फ्लॅश कित्येक महिने पडून असेल तर पहिल्या दिवशीचा आकडा धरू नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पडून राहिला की सुस्तावतो. चालू करून काही मिनिटं ठेवायचा, मग मधे थांबून चार-पाच फुल फ्लॅश मारायचे आणि मग मोजायचं.

आठवडा २: छताचं गणित

खरा उलगडा इथे झाला. बाउन्ससाठी, म्हणजे उजेड छतावरून परतवायला, डोकं वर केलं की हा फ्लॅश झूम आपोआप ५० मिमीवर नेतो आणि तिथे गाइड नंबर ५८ नसून ४२ आहे. खोक्यावरचा आकडा बाउन्ससाठी वापरायचाच नाही.

ढोबळ रीत अशी: फ्लॅश ते छत ते चेहरा हे अंतर मोजायचं, गाइड नंबर आयएसओप्रमाणे वाढवायचा (आयएसओ चौपट झाला की गाइड नंबर दुप्पट), भागाकार करायचा आणि पांढऱ्या छतासाठी दोन स्टॉप वजा करायचे. फ्लॅश १.८ मीटरवर, चेहरा १.६ मीटरवर, माणूस ३ मीटर लांब आणि छत ३.५ मीटर उंच असेल तर प्रकाशाचा प्रवास सुमारे ४.७ मीटर. आयएसओ ८०० ला गाइड नंबर ११९, भागाकार २५, दोन स्टॉप वजा जाता एफ/१२.६. फोटो एफ/४ ला काढायचा असेल तर पॉवर लागते साधारण १/१०. इथे जुना फ्लॅशसुद्धा मजेत चालतो.

आता छत ७ मीटरवर न्या. प्रवास ११ मीटर, उत्तर एफ/५.४. एफ/४ साठी फुल पॉवरच्या ५५ टक्के, म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त. हॉलमध्ये याची पडताळणी केली. आधी टीटीएलने (कॅमेराच पॉवर ठरवतो तो ऑटो मोड) एक फ्रेम, मग फ्लॅश मॅन्युअलवर टाकून हिस्टोग्राम जुळेपर्यंत पॉवर खालीवर. १/२ ला जुळला.

आता तक्रारीतले तीन फोटो परत बघा. रेडी लाइट लागताक्षणी कपॅसिटरमध्ये ७२ टक्के ऊर्जा. पहिला फोटो ५५ घेऊन गेला, उरले १७. पुढच्या सेकंदात जुन्या सेलनी फार तर दहा भरले. दुसऱ्याला मिळाले २७, म्हणजे बरोबर स्टॉपभर अंडर. तिसऱ्याच्या वाट्याला ते दहाच, म्हणजे अडीच स्टॉप खाली. गूढ संपलं.

इलाजही त्याच गणितात आहे. आयएसओ ८०० वरून ३२०० केला की दर फोटोला लागणारी ऊर्जा ५५ वरून १४ टक्क्यांवर येते. नवे सेल सेकंदाला वीस-पंचवीस टक्के भरतात. म्हणजे सेकंदाला एक फोटो निवांत. बदल्यात नॉइज थोडा वाढतो आणि हॉलच्या दिव्यांचा पिवळेपणा जास्त शिरतो. त्यासाठी फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावायची. फुल सीटीओ, म्हणजे सर्वात गडद नारिंगी जेल, साधारण पाऊण ते एक स्टॉप खाते, तेवढा हिशेब धरायचा.

डोक्यावर घालायच्या पांढऱ्या प्लास्टिक टोपीबद्दल: लहान खोलीत ठीक, ७ मीटर छताखाली ती निव्वळ उधळपट्टी. उजेड चारी दिशांना जातो आणि चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. झूम १०५ वर नेण्याची युक्तीही अर्धीच चालते. छतावरचा डाग लहान होतो, पण परत येणारा उजेड त्या प्रमाणात वाढत नाही. छत काळं किंवा लाकडी असेल तर हे सगळं गणित गुंडाळून ठेवा आणि बाजूची भिंत शोधा.

आठवडा ३: नव्या फ्लॅशच्या तक्त्याशी तुलना

२०० मिमीला गाइड नंबर ६० वाचून भुलू नका. आपला ५८ हा १०५ मिमीचा आहे. तुलना एकाच झूमला, आयएसओ १०० ला आणि मीटरमध्येच करायची. तशी केली की उजेडाचा फरक जवळजवळ शून्य. गोल डोक्याने उजेडाच्या डागाच्या कडा किंचित मऊ दिसतात, बाउन्समध्ये तोही फरक नाहीसा होतो.

फरक बॅटरीत आहे. चार एए, २००० एमएएचचे धरले तर ९.६ वॉट-तास. गोडॉक्स व्ही८६०-२ ची लिथियम बॅटरी ११.१ व्होल्ट, २००० एमएएच, म्हणजे २२.२ वॉट-तास, दुपटीपेक्षा जास्त. कंपनीच्या तक्त्यात तिचे फुल पॉवर फ्लॅश ६५० आणि रिसायकल १.५ सेकंद. त्याच कंपनीचा एए सेलवरचा टीटी६८५ तक्त्यात २३० फ्लॅश आणि २.६ सेकंदांवर थांबतो. कार्यक्रम चार तासांचा, छत उंच आणि आयएसओ आणखी वाढवता येत नसेल तर ही खरेदी रास्त आहे. मात्र लिथियमचा पॅक त्याच मॉडेलचा लागतो. ऐन वेळी संपला तर एए सेलसारखा कुठेही मिळत नाही, म्हणजे दुसरा पॅक घेणं आलंच.

दुसरं रास्त कारण म्हणजे बदललेला कॅमेरा. डीएसएलआरच्या काळातल्या फ्लॅशमधून फोकससाठी पडणारी लाल जाळी मिररलेस कॅमेऱ्यांना सहसा उपयोगी पडत नाही, अंधाऱ्या हॉलमध्ये फोकस चाचपडत राहतो. शू, म्हणजे कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच, तीही तपासा. कॅननचा ईएल-५ फक्त नव्या मल्टिफंक्शन शूवर चालतो, जुन्या बॉडीवर लावायचा विचार असेल तर तो बाद. आणि फ्लॅश पेटतच नसेल तर तो बिघडला असं म्हणण्याआधी सायलेंट मोड बंद करून बघा. इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक कॅमेरे फ्लॅश उडवतच नाहीत.

चुकून चालू राहिलेला एचएसएस (वेगवान शटरसाठीचा हाय-स्पीड सिंक मोड) हाही एक चोर. शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की फ्लॅश गपचूप एचएसएसमध्ये जातो आणि दोनेक स्टॉप गिळतो. घरातल्या कार्यक्रमाला तो बंदच ठेवावा.

तूर्त निर्णय: मुख्य फ्लॅश तोच. पैसे घालायचेच तर तसाच दुसरा वापरलेला फ्लॅश आणि रेडिओ ट्रिगरची जोडी. दोन फ्लॅश १/४ वर मिळून १/२ एवढा उजेड देतात, प्रत्येकाला निम्मीच ऊर्जा भरावी लागते, आणि एक बंद पडला तरी कार्यक्रम थांबत नाही. वापरलेला घेताना वरची भिंतीची चाचणी विकणाऱ्यासमोरच करायची, पुढच्या प्लास्टिक लेन्सवर तपकिरी डाग आहेत का ते उजेडात धरून बघायचं, पाय शूमध्ये हलतो का तेही. डाग दिसले तर त्या फ्लॅशने जेल किंवा टोपी लावून बरेच फुल पॉवर मार खाल्लेत असं समजायचं.

राहिलेली चाचणी तापाची: जेल लावून, १/४ पॉवर, दर दोन सेकंदाला एक, कितव्या फ्लॅशला रिसायकल ढेपाळतो ते.