पाठीवरचे कोरडे पट्टे

मुलाला माझ्याकडे पाठवलं होतं ते खाजेसाठी. वय अडीच वर्षं, कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यांमागे एक्झिमा, बाकी अंगही कोरडं ठणठणीत. बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ जोडली होती : वारंवार ताप, कारण सापडत नाही. आईच्या हातात जाडजूड फाइल. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, मलेरिया, टायफॉइड, सगळं निगेटिव्ह. दोनदा ॲडमिट करून सलाइनमधून अँटिबायोटिकही देऊन झालं होतं.

खरं सांगायचं तर मी मलम लिहायला घेतलंही होतं. हात थांबला तो आईच्या बोलण्याने.

"डॉक्टर, औषधाने याचा ताप हलत नाही. ओल्या फडक्याने अंग पुसलं की मात्र अर्ध्या तासात उतरतो. आणि उतरताना घाम म्हणून फुटत नाही."

मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. विरळ, पिंगट, भुरभुरीत केस. भुवया नसल्यातच जमा. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या, नाकात वाळलेल्या खपल्या. "आ कर बघू," म्हटलं तर हिरडीवर दोनच दात, तेही खिळ्यासारखे टोकदार.

"ताप कधी येतो?"

"भर दुपारी. नाहीतर खेळून आला की. थंडीत एकदाही नाही."

संसर्गाचा ताप असा वेळापत्रक बघून येत नाही. संसर्गात मेंदूतला थर्मोस्टॅटच वर सरकतो, पॅरासिटामॉल त्याला खाली आणतं. या मुलाचा थर्मोस्टॅट जागेवर होता. अंगातली उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होती, मग औषध काय करणार?

ही वाट म्हणजे घाम. माणसाच्या कातडीत घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. त्या सगळ्या जन्माआधीच तयार होतात, नंतर एकही नवी येत नाही. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळताना, नुसता ओघळताना नाही. दमट हवेत आपण भिजतो आणि तरी उकडत राहतं ते यामुळेच. (घामावाटे शरीरातली 'विषं' निघून जातात असं सांगणारे पेशंट रोज भेटतात. ते काम यकृताचं आणि मूत्रपिंडांचं. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ.) माझ्याकडे येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा उलटीच असते. तळहाताच्या घामाने परीक्षेचा पेपर भिजतो, काखेत वास येतो, घामोळं जात नाही. घाम येतच नाही ही तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. या आईलाही ती तक्रार वाटत नव्हती, आपला मुलगा स्वच्छ राहतो असंच तिला वाटत आलं होतं.

मुलाचं बोट डर्मोस्कोपखाली, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली धरलं. आपल्या बोटाच्या रेषांवर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीने दिसतात, टाके घातल्यासारखे. इथे रेषा होत्या, ठिपका एकही नव्हता.

आजाराचं नाव हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. केस, दात आणि घामाच्या ग्रंथी गर्भाच्या एकाच बाह्य थरातून बनतात आणि त्यासाठी ईडीए नावाच्या प्रथिनाचा इशारा लागतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. म्हणून आजार पुरेपूर दिसतो तो मुलग्यांत आणि येतो बहुधा आईकडून. १८७५ मध्ये डार्विनने सिंधमधल्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं होतं : चार पिढ्यांत दहा पुरुष, दात मोजके, अंगावर केस कमी, उन्हाळ्यात कोरड्या कातडीचे हाल. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलांना होतो, हेही त्याने टिपलं होतं. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता.

आई बोलत असताना तिच्या वरच्या दातांतला एक खुंटीसारखा बारीक दिसला. विचारलं, "तुमच्या भावांपैकी कुणाला असं काही?"

ती जरा वेळ गप्प राहिली. "एक भाऊ होता. वर्षाचा व्हायच्या आत तापाने गेला."

मुलाला तापवून तपासणं धोक्याचं होतं, पण आईची घामाची चाचणी करता येत होती. तिच्या पाठीवर आयोडीनचं द्रावण लावलं, वाळू दिलं, वर स्टार्चची पावडर भुरभुरवली आणि खोली गरम केली. घाम आला की स्टार्च निळा-काळा होतो. पाच-सात मिनिटांनी सुईच्या टोकाएवढे ठिपके उमटायला लागले, मग ते एकमेकांत मिसळले. पण सगळीकडे नाही. मणक्यापाशी खाली टोक असलेले फिकट पट्टे तसेच राहिले आणि कुशीकडे वळणं घेत गेले. गर्भात कातडीच्या पेशी ज्या वाटांनी पसरतात त्या या अदृश्य रेषा, ब्लाश्को या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १९०१ मध्ये काढून दाखवल्या होत्या. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो. जिथे चांगला बंद पडला आणि बिघडलेला चालू राहिला, तिथे ग्रंथीच नाहीत. पुस्तकात हे चित्र मी अनेकदा पाहिलं होतं. जिवंत पाठीवर उमटताना पहिल्यांदाच पाहिलं. सिस्टरही हातातलं काम सोडून बघत राहिल्या.

तिच्याच मोबाइलवर फोटो काढून तिला दाखवला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनच आलं."

"तुमचा दोष नाही," मी म्हणाले. ते किती तोकडं पडतंय हे बोलतानाच कळत होतं.

उपाय साधेच सांगितले : ओला बनियन, पाण्याची स्प्रेची बाटली, दुपारी थंड खोली, कोरड्या डोळ्यांसाठी थेंब, तीन-चार वर्षांचा झाला की छोटी कवळी. पुढच्या मुलग्यातही हेच उतरण्याची शक्यता निम्मी. जर्मनीत हाच आजार असलेल्या जुळ्यांना जन्माआधी गर्भजलातून ईडीए प्रथिन टोचलं आणि त्यांना घाम येतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालंय, पण तो उपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे, हेही सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला तो बाटली हातात घेऊनच. आधी स्वतःच्या डोक्यावर, मग माझ्या टेबलावर फवारे उडवले. फाइलमध्ये नवा रिपोर्ट एकही नव्हता. सोबत या वेळी त्याची मावशी होती, दात एकसारखे, केस दाट. निघता निघता ती दारात थांबली.

"डॉक्टर, ती पावडर माझ्याही पाठीवर लावून बघाल?"