किलबर्न घराण्याच्या मागावर: मिलवॉकी ते ग्रॅनबी, उलट्या क्रमाने

बायरन किलबर्न (१८०१–१८७०) म्हणजे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराच्या, नदीच्या पश्चिम काठावरच्या भागाचा संस्थापक. जमीन मोजणारा, रेल्वे काढणारा आणि १८४८ व १८५४ असा दोनदा महापौर झालेला माणूस. घराणं पूर्वेकडून पश्चिमेला सरकत गेलं: कनेक्टिकटचं ग्रॅनबी, ओहायोचं वर्दिंग्टन, मग मिलवॉकी. आपण मात्र मिलवॉकीपासून मागे जावं. जवळच्या पिढीचे कागद पक्के नसताना मागची पिढी शोधली, की भलताच किलबर्न पदरात पडतो.

निघण्याआधी आडनाव. बायरनच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'ई' नाही, त्याचे वडील जेम्स यांच्यात आहे. जुन्या नोंदींत मधला 'ओयू' कधी नुसता 'ओ', कधी नुसता 'यू' होतो. चारही रूपं शोधा.

मिलवॉकीला दोन दिवस ठेवा. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून हायावाथा गाडीने साधारण दीड तास लागतो. पहिली सकाळ नदीकाठी पायी घालवा. वेल्स स्ट्रीट आणि विस्कॉन्सिन अव्हेन्यूचे पूल नदीवर तिरके पडलेले दिसतील. किलबर्नने आपले रस्ते पूर्व काठाचा संस्थापक सॉलोमन जुनो याच्या रस्त्यांशी मुद्दाम जुळवले नाहीत, नकाशातही समोरचा काठ कोरा ठेवला. १८४५ मध्ये पुलांवरून हाणामारीपर्यंत गेलं आणि पुढच्याच वर्षी दोन्ही काठ मिळून एक शहर झालं. पूल तिरके का, हे कागदापेक्षा इथे उभं राहून लवकर कळतं.

दुपारी फॉरेस्ट होम दफनभूमी. किलबर्न जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा इथे वारला आणि तिथेच पुरला गेला. अवशेष मिलवॉकीत आले ते १९९८ मध्ये. त्यामुळे जुन्या पुस्तकांतली थडग्याची जागा आता चालत नाही, आणि मृत्यूची नोंद मिलवॉकीत शोधण्यात अर्थ नाही. आवार प्रचंड आहे. आधी कार्यालयातून विभाग आणि प्लॉटचा क्रमांक घ्या. हिवाळ्यात जमिनीलगतचे दगड बर्फाखाली जातात, म्हणून मे ते सप्टेंबर बरा.

दुसरा दिवस कागदांचा. विस्कॉन्सिनमध्ये खरेदीखतं काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात असतात. विकणारा आणि घेणारा यांच्या सूची वेगळ्या, दोन्ही पाहाव्या लागतात. सरकारकडून थेट घेतलेल्या जमिनीचे कागद या दस्तांच्याही आधीचे असतात. १८३५ चा लिलाव ग्रीन बेच्या जमीन कार्यालयात झाला आणि तेव्हा हा भाग मिशिगन टेरिटरीत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशात होता. जुन्या जनरल लँड ऑफिसच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर (ते आता ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट चालवतं) जमिनीच्या सनदा फुकट दिसतात, त्या घरूनच काढून न्या. रेल्वेच्या भानगडीसाठी विधिमंडळाचा १८५८ चा चौकशी अहवाल वाचा. किलबर्नच्या ला क्रॉस अँड मिलवॉकी रेल्वे कंपनीने आमदारांना लाच म्हणून रोखे वाटले होते, गव्हर्नर बॅशफर्डच्या वाट्याला ५०,००० डॉलरचे. घराण्याच्या गौरवग्रंथांत हे पान पटकन उलटलेलं असतं.

वर्दिंग्टनसाठी कोलंबसला विमानानेच जा, तिथे प्रवासी रेल्वे नाही. जेम्स किलबर्न यांनी १८०२ मध्ये ४० भागीदारांची सायोटो कंपनी काढली आणि १६,००० एकरांवर हे गाव वसवलं. सेंट जॉन्स एपिस्कोपल चर्चच्या आवारात त्यांचं थडगं आहे. झिजलेली अक्षरं वाचायला खडू किंवा शेव्हिंग फोम लावू नका, दगड खराब होतो. तिरपं ऊन पाडायला हातात धरता येईल असा आरसा पुरतो. ओहायोत जन्ममृत्यूच्या नोंदी १८६७ पासूनच्या. त्याआधीसाठी चर्चची वही, वारसा न्यायालय आणि जनगणना. १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीचे लोक वयोगटाच्या रकान्यात आकडे होऊन बसतात.

शेवटी कनेक्टिकट, आणि माहितीने सगळ्यात श्रीमंत मुक्काम हाच. इथे जमिनीचे दस्त काउंटीत नाहीत, गावाच्या क्लार्ककडे असतात. हार्टफर्डच्या स्टेट लायब्ररीत आधी बार्बर संग्रह काढा: साधारण १८५० पर्यंतच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी, गाववार. सोबत थडग्यांवरच्या मजकुराचा हेल संग्रह. चूक होते ती गावांच्या हद्दीत. ग्रॅनबी १७८६ मध्ये सिम्सबरीतून फुटलं, तेव्हा त्याआधीचं सिम्सबरीत पाहायचं. जेम्सचा जन्म १७७० चा न्यू ब्रिटनचा, पण ती वस्ती तेव्हा फार्मिंग्टनमध्ये होती.

ग्रॅनबी इथून गाडीने अर्ध्या तासावर. जाताना विंडसरला थांबाच. बायरनची आई लूसी ही जॉन फिचची मुलगी. १७८७ मध्ये डेलावेअर नदीत वाफेची बोट चालवणारा तोच फिच. १७६९ मध्ये तो बायकोला सोडून निघून गेला, लूसी त्यानंतर जन्मली. म्हणून बापाच्या मागे लागून ती सापडेलच असं नाही. लूसीच्या आईच्या माहेरचं रॉबर्ट्स हे आडनावही विंडसरच्या सूचीत काढा.