बाबांना घेऊन ओसाकाच्या मत्स्यालयात: कमी खर्चातला एक अख्खा दिवस

बाबांचं आयुष्य वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गेलं. मासे त्यांनी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्यात पाहिले, बाजारात पाहिले, ताटात पाहिले. पाण्याखाली पोहणारा मासा मात्र एकदाच, मुंबईत मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि त्यांच्या खांद्यावर बसले होते. जपानचा बेत ठरला तेव्हा बजेट अगदी आवळलेलं होतं. युनिव्हर्सल स्टुडिओ रद्द केला, बुलेट ट्रेनचा एकच प्रवास ठेवला, पण ओसाकाच्या काइयुकान मत्स्यालयाचं तिकीट यादीतून हलू दिलं नाही. आता परत आल्यावर सांगते, सगळ्या सहलीत पैसे सर्वांत चांगले कुठे खर्च झाले असतील तर तिथेच.

काइयुकान १९९० साली सुरू झालं. जगातल्या मोठ्या मत्स्यालयांपैकी हे एक. मधोमध एक अवाढव्य टाकी, ९ मीटर खोल, ३४ मीटर लांब, ५,४०० टन पाण्याची. तिला 'पॅसिफिक महासागर' म्हणतात आणि तिच्यात व्हेल शार्क, जगातला सर्वांत मोठा मासा, फिरतो. भोवतीच्या टाक्यांमध्ये प्रशांत महासागराच्या काठचे वेगवेगळे प्रदेश आहेत: जपानचं जंगल, अल्यूशियन बेटं, पनामाचं आखात, अंटार्क्टिका, ग्रेट बॅरियर रीफ. या महासागराला ज्वालामुखींचं कडं आहे. ते कडं आणि त्याच्या काठची जीवसृष्टी, ही सगळ्या मांडणीमागची कल्पना. म्हणून इथे एकेक काचपेटी बघत पुढे जायचं नसतं. त्याच एका समुद्राभोवती गोल फिरत खाली उतरायचं असतं.

आता राहण्या-पोचण्याचं. कानसाई विमानतळावरून नानकाई रेल्वेची साधी एक्स्प्रेस घ्या. निळी, टोकदार नाकाची गाडी दिसेल, तिचं जास्तीचं तिकीट लागतं, तिच्या मोहात पडू नका. साध्या गाडीला हजार येनच्या आत पडतात. (हिशोबाला सोपं म्हणून १०० येन म्हणजे ५५ ते ६० रुपये धरा.) आम्ही शिन-इमामिया स्टेशनजवळ उतरलो होतो. तिथे एकेकाळी रोजंदारीवरचे मजूर राहायचे, त्यांच्या खोल्यांची आता स्वस्त हॉटेलं झाली आहेत. खोली चार ताटामी (जपानी गवती) चटया मावतील एवढी, न्हाणीघर सामायिक, पण चादर कडक इस्त्रीची आणि संडास लखलखीत. गल्लीत संध्याकाळी दारू पिऊन बसलेली म्हातारी माणसं दिसतात. आम्हाला कुणी त्रास दिला नाही, एका आजोबांनी तर बाबांना वाकून नमस्कार केला.

तिथून पायी दोबुत्सुएन-माए या मेट्रो स्टेशनला जायचं, मिदोसुजी लाइनने होनमाचीला, तिथे गाडी बदलून हिरवी चूओ लाइन पकडायची आणि ओसाकाकोला उतरायचं. 'ओसाका' आणि 'ओसाकाको' यात घोळ होऊ देऊ नका. 'को' म्हणजे बंदर आणि आपल्याला बंदरावर जायचं आहे. चूओ लाइन पुढे समुद्राखालून युमेशिमाला जाते, म्हणून फलाटावर कॉस्मोस्क्वेअर किंवा युमेशिमाची पाटी बघा. आवाझा सोडलं की गाडी जमिनीखालून वर येते आणि एकदम घरं, कालवे, गोदामं दिसू लागतात. त्या क्षणी बाबा खिडकीला टेकले ते शेवटपर्यंत. भाडं एका वेळचं तीनशे येनच्या आत.

दिवसभराचा मेट्रो पास घ्यावा की नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. एन्जॉय इको कार्ड नावाचा पास सोमवार ते शुक्रवार ८२० येनला आणि शनिवार-रविवारी व सुट्टीच्या दिवशी ६२० येनला मिळतो. सुट्टीच्या दिवशी तिसऱ्या प्रवासालाच तो वसूल होतो. कामाच्या दिवशी फक्त बंदरावर जाऊन यायचं असेल तर सुटं भाडं स्वस्त पडतं. आम्ही बुधवारी गेलो म्हणून घेतला नाही. आणखी एक, प्रवास आणि ठिकठिकाणचे प्रवेश एकत्र देणारा ओसाका अमेझिंग पास पर्यटक घेतात, त्यात काइयुकानचा प्रवेश येत नाही. पास घेतला म्हणजे मत्स्यालय झालंच, असं समजून पोचलेलं एक कुटुंब दाराशी चेहरे पाडून उभं होतं. त्यांची मुलं बघून वाईट वाटलं.

तिकिटाबद्दल मात्र नीट ऐका. मोठ्यांचं तिकीट तारखेनुसार बदलतं, आम्ही गेलो तेव्हा २,७०० ते ३,५०० येनच्या दरम्यान होतं. शाळकरी मुलांना साधारण निम्मं, तीन वर्षांखालच्यांना फुकट. तिकिटावर तारीख आणि आत शिरण्याची वेळ असते. आत गेल्यावर बाहेर काढत नाहीत, हवं तेवढं थांबा. मी पहिल्यांदा तिकिटं एका मध्यस्थ वेबसाइटवर बघितली आणि घाईत पैसे भरले. नंतर कळलं की माणशी जवळजवळ चारशे येन जास्त गेले आणि तारीख बदलायची सोयही नव्हती. दोघांच्या एका जेवणाचे पैसे होते ते. तुम्ही थेट काइयुकानच्याच संकेतस्थळावरून घ्या, तिथे इंग्रजीत सगळं आहे.

वेळ कुठली घ्यावी? दुपारी दोन किंवा अडीचची. जेवढे वृत्तांत मी आधी वाचले होते त्यांत सकाळी उघडताच जा, असं लिहिलेलं होतं. गर्दी तेव्हा कमी असेलही, पण शाळांच्या सहली सकाळीच येतात. शिवाय पाच वाजल्यानंतर आतले दिवे मंद करून रात्रीच्या समुद्रासारखा उजेड ठेवतात. दोनला आत गेलात तर एकाच तिकिटात दिवसही मिळतो आणि रात्रही. हिवाळ्यात तर पावणेपाचलाच अंधारतं.

मग सकाळ कशी घालवायची? फुकटात. मत्स्यालयाशेजारच्या बागेत तेंपोझान नावाचा 'डोंगर' आहे, उंची ४.५३ मीटर! १८३१ साली नदीतला गाळ उपसून त्याचा ढिगारा केला, तोच हा. जपानमधला सर्वांत कमी उंचीचा डोंगर हा मान त्याच्याकडे बरीच वर्षं होता. २०११ च्या त्सुनामीनंतर सेंदाईजवळची एक टेकडी तीन मीटरवर आली आणि तो मान तिकडे गेला. ज्या कारणाने गेला ते कळल्यावर बाबा काही बोलले नाहीत.

बागेच्या मागे गेलात की होडीचा धक्का येतो. तिथून ओसाका महापालिकेची होडी पलीकडच्या साकुराजिमाला जाते. तिकीट नाही, गेट नाही, काही नाही.

"फुकट? खराच?" बाबांनी दोनदा विचारलं.

खरंच. शहरात अशा आठ ठिकाणी होड्या चालतात आणि त्या रस्त्याचाच भाग समजल्या जातात, म्हणून पैसे नाहीत. सायकली घेऊन कामावर निघालेली माणसं, भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आणि आम्ही. पाण्यावरून पाच मिनिटंही लागली नाहीत, पण बाबा नाखव्याच्या हाताकडे बघत उभे राहिले. होडी धक्क्याला लावताना त्याने वेग कसा मारला, ते त्यांनी मला नंतर हाताने करून दाखवलं. दिवसा साधारण अर्ध्या तासाने एक फेरी असते. पलीकडे उतरायचं आणि त्याच होडीने किंवा पुढच्या होडीने परत यायचं.

जेवण कन्व्हिनियन्स स्टोअरमधून आणा आणि बंदराकडे तोंड केलेल्या पायऱ्यांवर बसून खा. मासे खाणाऱ्यांना काही अडचण नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहायला हवं, कारण भाजीच्या सूपमध्येही माशाचा रस असतो. नुसत्या मिठाचा किंवा खारवलेल्या उमे फळाचा भातगोळा घ्या आणि वेष्टनावर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचा. जवळ ठेपले-चिवडा असेल तर सोनं. कचऱ्यासाठी एक पिशवी ठेवा, रस्त्यावर डबे जवळजवळ नाहीतच.

दोनला आत गेलो. आधी एक काचेचा बोगदा, मग लांबलचक सरकता जिना थेट आठव्या मजल्यावर नेतो. तिथून सगळा उतार. गुडघे दुखणाऱ्यांना यासारखी सोय नाही, चढ कुठेच नाही आणि चाकाची खुर्चीही आरामात जाते. सुरुवातीला जपानचं जंगल, पाणमांजरं, झरा. इथे सगळे फार वेळ घालवतात. तुम्ही पाणमांजरं बघा आणि खाली सरका, कारण दुपारी तीनच्या सुमाराला व्हेल शार्कला खायला घालतात. (वेळ त्या दिवशीच्या फलकावर बघून घ्या.) तेव्हा टाकीच्या वरच्या बाजूच्या काचेपाशी असायला हवं.

पाण्याच्या पृष्ठभागावर माणूस लांब दांड्याचा डाव घेऊन उभा राहतो. मासा दुरून येतो. आधी नुसती सावली, मग पाठीवरचे पांढरे ठिपके, ठिपक्यांच्या मधून आखीव रेघा. तोंड आडवं आणि बशीसारखं चपटं. ते उघडलं की डावातलं सगळं पाण्यासकट आत ओढलं जातं आणि कल्ल्यांच्या फटींतून पाणी बाहेर पडताना त्या फटी एकेक करून हलताना दिसतात. डोळा मात्र एवढासा, आपल्या लिंबाएवढा. खायला काय, तर क्रिल, बारीक कोलंबीसारखे जीव.

"एवढा मोठा जनावर आणि खाता काय, जवळो!" बाबा काचेला हात लावून म्हणाले. शेजारची जपानी मुलगी त्यांच्याकडे बघून हसली, तिला कळलं असावं.

पुढे तीच टाकी मजल्यामजल्यावर पुन्हा पुन्हा भेटते. वरून पाठ दिसली होती, मधून कूस दिसते, तळाशी गेल्यावर पांढरं पोट डोक्यावरून जातं. पाकटं वाळूला चिकटून झोपलेली. हातोडीसारख्या डोक्याच्या मुश्या. बाबा एकेकाचं मालवणी नाव सांगत होते आणि मी पहिल्यांदाच ती नावं लिहून घेत होते. वीस वर्षांपूर्वीच घ्यायला हवी होती.

नर व्हेल शार्कला इथे 'काइ' आणि मादीला 'यू' म्हणतात. मासा बदलला तरी नाव तेच पुढे चालतं. हे मासे शिकोकू बेटावरच्या तोसाशिमिझूजवळ मत्स्यालयाचं संशोधन केंद्र आहे, तिथून येतात. त्याला गोल गोल फिरताना बघून मलाही चुकल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही. हजारो किलोमीटर फिरणारा हा जीव. आपल्याकडे २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि महाराष्ट्रात २०१८ पासून जाळं कापून अशा संरक्षित जीवाला सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. बाबांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या तरुणपणी रापणीत असा एक आला होता, तो दोरांत गुरफटून मेला. ते त्यांनी मला त्या टाकीसमोर उभं राहून पहिल्यांदा सांगितलं. टाकीतला मासा बघावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्यापुरतं, ती गोष्ट ऐकायला मिळाली ती या माशामुळे.

गर्दीचं म्हणाल तर मुख्य टाकीच्या काचेला लोक एक फोटो काढून पुढे जातात. दहा मिनिटं धीर धरलात तर पुढची जागा आपली. फ्लॅश बंद ठेवा, गडद कपडे घाला म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येणार नाही आणि फोन काचेला अगदी टेकवून धरा. खोल समुद्राच्या दालनात लांबच लांब पायांचे जपानी खेकडे आहेत, ते चालताना बघायला उभं राहावंच लागतं. जेलीफिशचं अंधारं दालन चुकवू नका. अंटार्क्टिकाचे पेंग्विन मला गर्दीमुळे धड दिसले नाहीत. भेटवस्तूंचं दुकान महाग आहे, मुलं बरोबर असतील तर आधीच रक्कम ठरवून द्या.

पाच वाजता दिवे उतरले. आम्ही उतारावरून उलटं, लोकांना वाट देत, पुन्हा मोठ्या टाकीच्या तळाच्या काचेपाशी आलो. तिथे आता जेमतेम दहा-बारा माणसं होती. बाबा खाली बसले. मी अर्ध्या तासाने विचारलं, "बाबा, निघूया?"

"थांब गो. तो एक फेरो मारून येता."

साडेसहाला बाहेर पडलो. हिशोब सांगायचा तर तिकिटांचे ते जास्तीचे पैसे धरून आमचा दोघांचा दिवस साडेआठ हजार येनच्या आत झाला, रात्रीच्या जेवणासकट. ते जेवण हॉटेलजवळच्या सुपरमार्केटमधून घेतलं. आठ वाजून गेले की तिथला कर्मचारी तयार डब्यांवर लाल-पिवळ्या चिकट्या लावत फिरतो. 半額 ही दोन अक्षरं ओळखायला शिका, उच्चार 'हानगाकु', म्हणजे निम्मी किंमत. त्याच्या मागे मागे फिरणारी म्हातारी माणसं असतात, त्यांना आधी घेऊ द्या.