राज्याभिषेक आणि दुपारच्या गोळ्या

इंग्लंडमधल्या लेस्टरजवळ वृद्धांच्या एका केअर होममध्ये मी नर्स आहे. ६ मे २०२३ला शनिवार होता आणि माझी दिवसभराची ड्यूटी. राजा चार्ल्सचा राज्याभिषेक ११ वाजता सुरू होणार, म्हणून अंघोळी-नाश्ता भराभर उरकून सगळ्यांना लाउंजमध्ये टीव्हीसमोर आणून बसवलं. मला वाटलेलं, घोडे, बँड आणि मुकुट. निघाली चांगली दोन तासांची उपासना.

सुरुवातीलाच एका मुलाने राजाचं स्वागत केलं ते ‘राजांच्या राजा’च्या, म्हणजे येशूच्या नावाने. चार्ल्स उत्तरला, मी सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आलोय. लगेच आमचे रेल्वेतून रिटायर झालेले आजोबा ओरडले, “मग चहा आण की!” हे गृहस्थ देव मानत नाहीत आणि राजालाही नाही. खुर्ची मात्र पहिल्या रांगेत हवी.

मग शपथ. कायद्याने स्थापन झालेला प्रोटेस्टंट धर्म राखीन, असं राजाला कबूल करावं लागतं. कॅथलिक माणूस तर इथे आजही गादीवर बसू शकत नाही, १७०१चा कायदा आहे. माझी केरळची सहकारी कॅथलिक. ती म्हणाली, “बरं झालं, नाहीतर मलाच बोलावलं असतं.” शपथेआधी चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे सर्वोच्च धर्मगुरू, आर्चबिशप जस्टिन वेल्बींनी चर्चच्या वतीने सांगितलं, की सर्व धर्मांच्या लोकांना इथे मोकळेपणाने राहता यावं यासाठी आम्ही झटू. शपथेचे शब्द जुने आणि अरुंद ते तसेच राहिले. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. तरी राजाने आपली श्रद्धा झाकली नाही, हे मला पटलं. सगळ्यांना खूश करायला गुळमुळीत बोलण्यापेक्षा हे बरं.

तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक बायबल वाचायला उभे राहिले तशा आमच्या गुजराती बा सावरून बसल्या. १९७२ला हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललं, तेव्हा इथे आलेल्या. “आपणो छोकरो!” मग माझ्या कानाशी, “पण ए तो हिंदू छे ने?” मी म्हटलं, बा, खासदारकीची शपथ त्यांनी गीतेवर घेतलीय. बांचं समाधान झालं.

बाराच्या सुमारास, नेमकी माझी औषधांची फेरी चालू असताना, तेलाच्या अभिषेकाची वेळ आली. राजाचे जरीचे झगे उतरवले, अंगात साधा पांढरा सदरा उरला. तेल ऑलिव्हच्या डोंगरावरच्या फळांचं, जेरुसलेमला मंत्रून आणलेलं. तीन बाजूंनी पडदे आले. मधल्या पडद्यावर भरतकामाचं झाड, पानापानावर कॉमनवेल्थच्या ५६ देशांची नावं, त्यात भारतही. आत काय झालं ते कॅमेऱ्याने दाखवलं नाही. १९५३ला एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकातही दाखवलं नव्हतं. आमच्या नव्वदीतल्या आजींनी तो सोहळा शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला होता. गोळ्यांची वाटी तशीच हातात धरून त्या मला म्हणाल्या, “नॉट नाऊ, डिअर.” अंघोळ घालताना आम्हीही पडदा ओढतो. इथे नाण्यांवरच्या देवाच्या नावापासून शपथेपर्यंत सगळीकडे मिरवणाऱ्या श्रद्धेचा गाभा तेवढा पडद्याआड ठेवला होता, आणि सगळ्या समारंभात मला तोच भाग खरा वाटला. मुकुट चढल्यावरच आजींनी गोळ्या घेतल्या. तक्त्यात उशिराचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘रुग्णाने थांबायला सांगितलं.’

शेवटी ज्यू, हिंदू, शीख, मुस्लिम, बौद्ध प्रतिनिधींनी एकत्र अभिवादन केलं, पण काही ऐकूच येईना. आजोबांनी रिमोट मागितला. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) मायक्रोफोन वापरू शकत नाहीत, म्हणून सगळ्यांनीच तो वापरला नाही, हे कळल्यावर म्हणाले, “हं, हे ठीक.” मग संसदेच्या वरच्या सभागृहात, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, २६ बिशपना राखीव जागा कशाला, यावर त्यांचा आणि आजींचा वाद जुंपला तो पुडिंग येईपर्यंत.