बेस केस नाही, म्हणून दोन

विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात. परवा नणंदेच्या मुलाच्या केळवणाला, वाटीत श्रीखंड वाढून घेता घेता, तिच्या जाऊबाईंनीही विचारलं, "उत्तर बरोबर असलं तरी तुम्ही मार्क कापता म्हणे?" त्यांचा भाचा आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथे मी डिस्क्रीट मॅथ्स शिकवते. मी हसून वेळ मारून नेली. सोळा वर्षं मारून नेतेय. आता लिहूनच टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

हो, कापते.

डिस्क्रीट मॅथ्स म्हणजे काय हे सांगत बसत नाही. विचारणाऱ्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी तो पेपर दिलेला असतो. पण पेपर बदललाय हे लक्षात न घेता आतेभावाचे, मावसबहिणीचे मार्क माझ्यापुढे नाचवले जातात. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या सी-स्कीममध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात, विषयाचं नाव होतं डिस्क्रीट स्ट्रक्चर्स अँड ग्राफ थिअरी. तिसरं सेमिस्टर, सहा मॉड्यूल: लॉजिक, रिलेशन्स आणि फंक्शन्स, पोसेट-लॅटिस, काउंटिंग, अल्जेब्रिक स्ट्रक्चर्स, ग्राफ. लेखी ८०, इंटर्नल २०. लेखीत पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले कुठलेही तीन. पास व्हायला ३२. म्हणजे हासे डायग्राम, ट्रुथ टेबल आणि वॉर्शल एवढे ठरलेल्या रीतीचे प्रश्न घोटले की प्रूफला, म्हणजे सिद्धतेला, फारसा हात न लावता माणूस सुटायचा. मीही माझ्या वेळी जुन्या स्कीममध्ये अशीच सुटले होते.

मग आमचं कॉलेज ऑटोनॉमस झालं आणि पेपर आमच्या हाती आला. २० वर्गातल्या चाचण्या-असाइनमेंटचे, ३० मिड-सेमचे, ५० एंड-सेमचे. या ५० पैकी २० स्वतंत्रपणे मिळवावेच लागतात. मी पर्याय कमी केले, एक प्रूफ सक्तीचं केलं. माझा गुन्हा एवढाच.

प्रूफ म्हणजे नक्की काय मागते ते सांगते. फळ्यावर नवी मुंबईतली ट्रान्सहार्बर आणि हार्बर काढायची. स्टेशन म्हणजे बिंदू, लागून असलेली दोन स्टेशनं रेघेने जोडायची. आता शेजारच्या दोन स्टेशनांना एकच रंग येता कामा नये. किमान किती रंग लागतील? वर्गातली बरीच मुलं ऐरोली-घणसोलीकडून येतात, उत्तर लगेच येतं: तीन. बरोबर. चारातला एक मार्क. उरलेले तीन 'का'चे. "दोन रंगांत करून बघितलं, जमलं नाही" याला शून्य. तुला जमलं नाही म्हणून कुणालाच जमणार नाही, असं कुठे ठरलं? तुर्भ्याहून एक फाटा सानपाड्याला जातो, दुसरा जुईनगरला, आणि सानपाडा-जुईनगर हार्बरवर एकमेकांना लागून. तिघांचा त्रिकोण झाला. त्रिकोणाला दोन रंग पुरत नाहीत. मग सगळा नकाशा तीन रंगांत रंगवून दाखवायचा, म्हणजे तीन पुरतात हेही झालं. पाच ओळींचं काम आहे. रोज या फाट्यावरून लोंबकळत येणारा मुलगा "मॅडम, दिसतंच आहे ना" लिहितो, तेव्हा काय द्यायचं ते तुम्हीच सांगा.

इंडक्शनचं दुखणं मात्र वेगळं. त्यात विधान आधी पहिल्या संख्येला खरं दाखवायचं, ही बेस केस; मग एका संख्येला खरं धरलं तर पुढच्या संख्येलाही खरं ठरतं हे दाखवायचं, ही पायरी. त्या तासाला मी आधी एक खोटं विधान 'सिद्ध' करून दाखवते: एनचा वर्ग अधिक एन ही संख्या नेहमी विषम असते. एका संख्येला हे खरं धरा. पुढच्या संख्येकडे जाताना त्यात एन अधिक एकची दुप्पट मिळवली जाते, म्हणजे सम संख्या. विषमात सम मिळवलं की विषमच. पायरी चोख आहे, मुलं माना डोलावतात. मग म्हणते, आता एकसाठी करून बघा. एक अधिक एक, दोन. वर्गात हशा. पुढच्या पायरीत काहीच चूक नाही, आणि तरी विधान एकाही संख्येला खरं नाही. बेस केस तपासली नाही की हे असं काहीही सिद्ध होतं. लॅबमध्ये हीच मुलं रिकर्शनमध्ये, म्हणजे फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं तिथे, थांबायची बेस केस विसरतात, प्रोग्राम स्टॅक ओव्हरफ्लो देऊन मरतो, तेव्हा कॉम्प्युटरशी कुणी भांडायला जात नाही.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. आता पुढचं.

एका एंड-सेमला पाच मार्कांचा प्रश्न होता: ८ चा एनवा घात वजा ३ चा एनवा घात, याला ५ ने निःशेष भाग जातो हे इंडक्शनने दाखवा. डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला एक मुलगा होता. या मुलांचे प्रवेश उशिरा होतात. तो वर्गात पोचला तेव्हा लॉजिक संपून मी रिलेशन्सवर होते. (त्या प्रवेशाच्या फेऱ्यांना कॅप राउंड म्हणतात, आणि आम्ही पेपर तपासतो त्यालाही कॅपच. दोन्हींत मुलं लटकतात.) मागचं त्याने बिचाऱ्याने मित्राच्या वहीवरून भरून काढलं. पेपरात त्याने इंडक्शनची पायरी अगदी सुरेख लिहिली, ८ बाहेर काढून ५ गुणिले ३ चा घात वेगळा केला, आणि खाली "हेन्स प्रूव्ह्ड". बेस केस नाही. मी २ दिले. एकूण १९. ग्रेस त्याची एम-थ्रीतच, म्हणजे गणिताच्या पेपरातच, संपली होती. केटी लागली, म्हणजे पेपर पुन्हा द्यायचा.

निकालानंतर आठवड्याने तो स्टाफरूममध्ये आला. हातात उत्तरपत्रिकांच्या दोन फोटोकॉपी, एक स्वतःची, एक त्या वहीवाल्या मित्राची. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, कडा जुळवून. मित्राच्या पेपरातही बेस केस नव्हती. पायरी जवळपास शब्दाला शब्द तीच, वही एकच ना. तिथे लाल पेनने ४.

"मॅडम, यात वेगळं काय आहे?"

भांडत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की काहीतरी वेगळं असेल आणि ते मी दाखवीन. पाचेक मिनिटं मी दोन्ही कागद वाचत राहिले, कारण वर बघायचं नव्हतं. मग म्हणाले, "रीव्हॅल्युएशनचा फॉर्म भर." तो "थँक यू मॅडम" म्हणून गेला.

वेगळं काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. नावावर पट्टी असते, कुणाचा पेपर ते दिसत नाही, तेव्हा पक्षपात नव्हता. मित्राचा पेपर गठ्ठ्यात वर होता. बेस केस नाही, बरं, एक कापला. मग तसाच दुसरा, चौथा, सातवा. एवढं कंठशोष करून सांगितलं आणि यांच्या कानावरून गेलं, असं होत होत माझा पारा चढला आणि कापायचे एकाचे तीन झाले. आधीचे पेपर मी पुन्हा उघडले नाहीत. त्या मुलाच्या १९ मध्ये डिस्क्रीट मॅथ्स किती आणि माझी चिडचिड किती, हे मला सांगता यायचं नाही.

आणि रीव्हॅल्युएशनला काय झालं? दुसऱ्या कॉलेजच्या सरांनी तपासला. २ च दिले. म्हणजे त्याचे मार्क बरोबर होते, चुकले होते ते मित्राचे. पण मित्राने फॉर्म भरलाच नव्हता, कशाला भरेल? मला हायसं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. तो पुढच्या खेपेला केटीतून सुटला. पण इंटरव्ह्यूत "कधी केटी होती का?" विचारतात तेव्हा त्याला हो म्हणावं लागत असणार. माझ्याकडून वेगळं काय होतं ते त्याला मी आजवर सांगितलेलं नाही.

नवीन असताना मी उत्तराला चौकट दिसली की पूर्ण मार्क देऊन मोकळी व्हायचे. तेव्हा कुणी विचारायला यायचं नाही. ती मी आजच्या मला विचारते, काय मिळवलंस? मी म्हणते, अगं, चौकटीतलं उत्तर मागच्या बाकावरूनही येतं. ती म्हणते, आणि त्या पोराची पायरी? ती तर त्याचीच होती ना? नाही, मित्राच्या वहीची होती, मी म्हणते. हे अर्धं खरं आहे. वहीतून का होईना, त्याला समजलं होतं.

आता पूर्ण गठ्ठ्याचा एकच प्रश्न आधी तपासते, मग दुसरा. बेस केसला किती, पायरीला किती, गृहीतक मांडण्याला किती, हे पेपर काढतानाच लिहून ठेवते: एक, तीन, एक. म्हणजे बेस केस विसरणाऱ्याला आता चार मिळतात. हो, चार. हे त्या मुलाला कुठून कळलं तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि एकच कापणं बरोबर आहे का, तेही नाही; आमच्यातल्या एका सरांचं म्हणणं, एन वर्ग अधिक एनवाल्यालाही मग चार देणार का?

या वर्षीच्या गठ्ठ्यात एकाने फक्त बेस केस लिहिली आहे. ८ वजा ३, ५. खाली दोन रेघा, "हेन्स प्रूव्ह्ड". मी एक दिला. फोटोकॉपीचे फॉर्म सोमवारपासून आहेत.